आधी गाऱ्हाणं, कौल मागाहून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांच्या सदरात देवावर भरवसा ठेवावा की ठेवू नये यावर वाद रंगला आहे. एका वाचकांचं म्हणणं, कुठल्याही संकटात देवाला हाक मारली की पुरे, बाकी धावपळ माणसाच्या अहंकारापोटी होते. त्यांना उत्तर देणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांनी देव-देव करणाऱ्या सगळ्यांना 'असेल माझा हरी' या एकाच माळेत ओवलं आणि खेड्यातली माणसं अजून देवळाच्या पायरीवर बसून मरतात, असंही वर लिहिलं. दोन्ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली. दोघांपैकी एकानेही रात्री-अपरात्री साप चावलेलं माणूस हातात घेऊन देऊळ आणि दवाखाना यांच्या मधल्या रस्त्यावर उभं राहून पाहिलेलं दिसत नाही. मी नोकरीभर तिथेच उभी होते, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर कात्री लावा, पण सापांचा भाग कापू नका.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्य सेविका होते. आता निवृत्त आहे. आधीच सांगते, मी देव मानते. सकाळी निरांजन लावल्याशिवाय आमच्याकडे चहा होत नाही. गणपती असतो, जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षाची राखण असते, शिमग्यात पालखी दारात आली की ओटी भरते. बाळंतपणाला बोलावणं आलं की पिशवी उचलताना 'देवा रवळनाथा' तोंडातून निघायचंच. नाडी तपासताना, सलाईन लावताना, गाडीची वाट बघताना, प्रत्येक वेळी मी त्याला हाक मारली आहे. तेव्हा पुण्याच्या गृहस्थांनी मला त्यांच्या बाजूची समजू नये.

घाटावरच्या वाचकांसाठी जरा खुलासा. आमच्याकडे ग्रामदेवतेशी बोलण्याच्या दोन रीती आहेत. एक गाऱ्हाणं. गुरव किंवा गावचा मानकरी देवापुढे उभा राहतो, मोठ्याने अडचण सांगतो, ती दूर कर म्हणतो, आणि मागे उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दुसरा कौल, म्हणजे प्रसाद. पाषाणावर पाण्याने फुलांच्या पाकळ्या नाहीतर पानं चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि कुठल्या बाजूची आधी पडते ते बघत बसतात. उजवीकडची पडली तर होकार. जमिनीचा व्यवहार, सोयरीक, विहिरीची जागा, भावकीतलं भांडण, सगळ्याला कौल घेतात. पाकळी कधी लगेच पडते, कधी तासभर हलत नाही. विहीर खणायची असेल तर तासाने काय बिघडतं?

फुरसं चावलं असेल तर बिघडतं.

आमचा कातळ म्हणजे फुरशांचं माहेर. जांभ्याच्या फटीत, गडग्यात, वाळलेल्या गवताच्या भाऱ्याखाली ते असतं. वीतभर, फार तर हातभर लांब, दगडाच्या रंगाचं विषारी जनावर, म्हणजे साप. भातकापणी आणि गवत काढण्याच्या दिवसांत बोटांना चावतं, कारण बाईमाणूस विळा एका हातात धरून दुसऱ्या हाताने गवताची मूठ आवळत असते. चावल्यावर लगेच फार काही दिसत नाही. बोट ठणकतं, सूज मनगटाकडे सरकते. माणूस चालतं-बोलतं असतं, त्यामुळे घरचे म्हणतात, बघू सकाळी. आत मात्र रक्त गोठण्याची ताकद संपत चाललेली असते. मग हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त. बायकांच्या बाबतीत आणखी एक कटकट म्हणजे बांगड्या. हात सुजला की काचेच्या बांगड्या आत रुततात, आणि सवाष्णीच्या बांगड्या फोडायला सासूचा हात धजत नाही. साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी काढत मी ओसरीवर बसले आहे आणि शेजारी कोणीतरी कौलाला माणूस पाठवायची गोष्ट करतंय, हे चित्र मला नवं नव्हतं.

एका आश्विनातली गोष्ट. 108 नंबरची गाडी 2014 पासून आली, ही त्याच्या आधीची. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, गुरांसाठी गवत आणायला गेलेला, हाताला चावलं. मी पोचेपर्यंत त्याला देवळाच्या सभामंडपात आणून निजवला होता. दंडाला सुंभ करकचून आवळलेलं. आई खांबाला टेकून. गावकरी म्हणत होते, आधी कौल घेऊ. देव म्हणाला दवाखान्यात न्या तर नेऊ, इथेच ठेवा म्हणाला तर इथेच. मी सुंभ सैल केलं, हात छातीशी धरून ओढणीने बांधला, हलवू नको म्हणून मुलाला दटावलं. पण गावकऱ्यांशी वाद घालायला माझ्याकडे ना वेळ होता ना अधिकार. मी सरकारी बाई. माझ्या शब्दापेक्षा देवाच्या शब्दाला किंमत जास्त, आणि देवाचा शब्द गुरवाच्या हातात.

म्हणून मी गुरवालाच बाजूला घेतलं. वयस्कर माणूस, कमरेला पंचा, तोंडात पान. म्हटलं, "काका, ह्याचं रक्त आतून पातळ होत चाललंय. पाकळी पडेपर्यंत थांबायला नको. तुम्ही गाऱ्हाणं घाला ना." त्यांनी मुलाकडे बघितलं, मग देवाकडे. बाहेर जाऊन पान थुंकून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कौल थांबात. पोरगो थांबाचो नाय." आणि तिथेच हात जोडून सुरू केलं: "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकराक जनावर चावला हा. ह्याका घेवन आमी दवाखान्याक चललव. वाटेत काय आडवा-तिडवा येत तर ता दूर कर, डाक्टराच्या हाताक यश दी आणि ह्याका सुखरूप घराक आण रे म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला, "व्हय म्हाराजा!" जीप सुरू झाली तेव्हा आईचं 'व्हय म्हाराजा' मागच्या सीटवर चालूच होतं.

रुग्णालयात डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत त्याचं थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही, नाहीतर चाचणी फसवते. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. लस लगेच सुरू झाली. ही लस घोड्यांना थोडं थोडं विष देऊन त्यांच्या रक्तापासून बनवतात आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर ती एकच चालते. दहा कुप्यांपासून सुरुवात. कधी लसीचीच ॲलर्जी येते, म्हणून ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवायचं. सहा तासांनी पुन्हा नळी. या वेळी तिरकी केली तर रक्त जागचं हललं नाही, जेलीसारखं गच्च बसलेलं. आईला दाखवलं. तिने नळीलाच नमस्कार केला. डॉक्टर हसले नाहीत, मला ते फार आवडलं.

आता पहिल्या पत्रलेखकांना विचारते. त्या दिवशी देवावर भरवसा कुणाचा होता? पाकळीची वाट बघू म्हणणाऱ्यांचा, की देवाला सांगून निघालेल्यांचा? माझ्या मते गुरवाचा सगळ्यांत जास्त. त्यांना खात्री होती की देवाला सगळं कळतं, त्याची परवानगी घेत बसायची गरज नाही. कौल लावणाऱ्यांना देव ऐकतो की नाही याचीच शंका असते, म्हणून तर खूण मागायची. हे मी देवळात बोलले असते तर वाद झाला असता. वर्तमानपत्रात बोलता येतं.

आणखी एक. आमच्याकडे आंबा-काजूची बाग असलेला प्रत्येकजण राखणदाराला वर्षाची राखण देतो. नारळ असेल, कोंबडा असेल, ज्याची त्याची रीत. पण राखण दिली म्हणून मोहोरावरची फवारणी कोणी चुकवली आहे का? तुडतुडे आले, भुरी आली की त्याच दिवशी पंप सुरू. औषधाच्या दुकानात उधारी होईल, पण राखणदार बघून घेईल म्हणून हात बांधून बसलेला बागायतदार मी अजून पाहिला नाही. तिथे कोणी म्हणत नाही की फवारणी केली म्हणजे राखणदारावरचा विश्वास उडाला. मग मोहोराला जी अक्कल लावतो ती पोराला का लावत नाही? हापूसच्या पेटीचा भाव ठाऊक असतो म्हणून, असं मला रागाच्या भरात वाटून गेलं आहे. तसं नसावं. बागेत काय करायचं ते बागायतदाराला स्वतःला कळतं, दवाखान्यात काय होईल ते कळत नाही. न कळणाऱ्या गोष्टीला माणूस घाबरतं आणि ओळखीच्या जागी जातं. देऊळ ओळखीचं असतं.

मांत्रिकाबद्दलही सांगायला हवं. त्याच्याकडून माणसं बरी होऊन येतात हे खोटं नाही. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही पुष्कळदा चावताना विष सोडत नाही. अशा माणसाला मंत्र घाला, निंबाचा पाला खायला द्या, नाहीतर नुसतं झोपवून ठेवा, ते सकाळी उठून बसणारच. नाव मांत्रिकाचं होतं. ज्यांच्या अंगात विष खरोखर गेलेलं असतं ते त्याच्या अंगणात मरत नाहीत, शेवटच्या क्षणी गाडीत घालून आणलेले आमच्या दारात मरतात, आणि नाव दवाखान्याचं खराब होतं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला तेव्हा साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा ठरला. आमच्या वाडीत तेव्हा आरडाओरडा झाला होता की सरकार आता भजनसुद्धा बंद करणार. त्याच कायद्यात भजन, कीर्तन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही, हे वाचून दाखवल्यावर शांत झाले. म्हणजे कायद्यालाही गाऱ्हाणं चालतं. रोखणं चालत नाही.

आता पुण्याच्या गृहस्थांकडे वळते. खेड्यातली माणसं अडाणी आहेत म्हणून देवळात जातात, असं त्यांना वाटतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम त्यांनी जरूर वाचावं. कोकणातला लाल विंचू चावला की लहान मुलं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जायची. दवाखान्यात नेलं तरी फार काही करता येत नव्हतं, दगावणाऱ्यांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या घरात होतं. मग आईबाप मांत्रिकाकडे गेले तर त्यांचं काय चुकलं? दोन्हीकडे हात टेकलेलेच होते, मांत्रिक निदान घराजवळ होता. बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध विंचूदंशावर वापरलं आणि ते प्रमाण एका टक्क्यावर आणलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषधाने पोरं वाचतात हे डोळ्यांनी दिसल्यावर माणसं आपणहून दवाखान्यात यायला लागली. देव कोणी सोडला नाही, सोडायची गरजही पडली नाही.

म्हणून सांगते, खरं रामभरोसे कोण आहे ते बघा. एका रात्री मण्यार चावलेल्या बाईला घेऊन आम्ही एका केंद्रावर पोचलो, केंद्राचं नाव लिहीत नाही. लस होती. कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गावाला. दुसऱ्या एका ठिकाणी लस बाहेर होती, पण ती दिल्यावर काही झालं तर सांभाळणार कोण, म्हणून पहिला डोस न देताच 'पुढे न्या' असा शेरा मारून चिठ्ठी हातात दिली. चिठ्ठी देणारे मला म्हणाले, "सिस्टर, आता देवाचं नाव घ्या." मी घेतच होते, त्यासाठी मला त्यांची चिठ्ठी नको होती. आमच्याकडचे गंभीर रुग्ण कोल्हापूरला घाट चढून जातात, नाहीतर गोव्यात बांबोळीला. सगळा रस्ता विष आपलं काम करत असतं. पहिल्या केंद्रावर लस सुरू करून मग पुढे पाठवलं तर तोच प्रवास वेगळा होतो.

देशात साप चावून दरवर्षी सरासरी 58 हजार माणसं मरतात, असा 2000 ते 2019 या वर्षांचा अभ्यास सांगतो. केंद्र सरकारने 2024 च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. चांगलं आहे. आराखड्यात कपाटाची किल्ली कोणाकडे राहील याची ओळ असेल तर आणखी चांगलं.

परीक्षा, नोकरी, मुलीचं लग्न यासाठी देवाला हाक मारावी की नाही, यावरही आपल्या सदरात लिहिलं गेलं. मारावी, कोण अडवतंय? अभ्यास करून मारावी, एवढं आमचे शाळामास्तरही सांगायचे. त्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही.

पण एक प्रसंग असा असतो की करण्यासारखं सगळं करून झालेलं असतं आणि नुसतं बसायचं असतं. मण्यार रात्री अंथरुणात चावते, बऱ्याचदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस यंत्रावर जातं. बघणाऱ्याला वाटतं संपलं, कारण डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही. पण त्याला सगळं ऐकू येत असतं. शुद्ध जागी असते, शरीर तेवढं बंद. अशा एका तरुण पोराच्या उशाशी त्याची आजी बसायची. मीच तिला सांगितलं होतं की आजी बोलत राहा, त्याला ऐकू जातंय. आजीला काय बोलावं सुचेना. मग ती जे रोज म्हणायची तेच म्हणायला लागली, ग्रामदेवतेपासून विठोबापर्यंत एकेका देवाचं नाव, मधूनच गोठ्यातल्या गाईची बातमी, मधूनच शेजारच्यांनी बांध कसा सरकवला त्याची तक्रार, परत देवाचं नाव. अतिदक्षता विभागात असं बसू देत नाहीत, तिथल्या परिचारिकेने काणाडोळा केला. पुढे तो पोरगा बरा झाल्यावर म्हणाला, मी कुठे आहे ते कळत नव्हतं, आजी कुठे आहे ते कळत होतं. आणि बांधाचं भांडण त्याला तपशीलवार पाठ होतं.

पुण्याच्या गृहस्थांनी तिथे उभं राहून त्या आजीला अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यावं, आणि पहिल्या पत्रलेखकांनी श्वासाच्या यंत्राची वायर काढून दाखवावी. दोघांनाही जमणार नाही.

आता आपल्याकडे एक मागणं आहे. शिमग्यात आपल्या जिल्हा पानावर पालख्यांचं वेळापत्रक येतं, कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी, अगदी तपशिलाने. आमच्याकडे ते कापून भिंतीला लावतात. तसंच मिरग लागायच्या आधी आणि पुन्हा भातकापणीच्या तोंडावर एक यादी छापा: जिल्ह्यातल्या कोणत्या सरकारी केंद्रात सापाची लस आज शिल्लक आहे, किती कुप्या, रात्री ती द्यायला डॉक्टर असतात का, श्वासाचं यंत्र जवळात जवळ कुठे आहे आणि 108 ला फोन लागला नाही तर दुसरा कोणता नंबर. आपल्या बातमीदाराने केंद्रांना फोन फिरवले तरी यादी तयार होईल, आणि जिथून उत्तर मिळणार नाही तिथे 'उत्तर मिळालं नाही' एवढंच छापा. आमच्या गावापुरती मी स्वतः ती कापून देवळाच्या सभामंडपात, गुरव उभे राहतात त्या खांबाला लावीन. ते काका आता नाहीत, त्यांचा मुलगा गाऱ्हाणं घालतो. त्याला मी विचारून ठेवलं आहे. तो म्हणाला, छापून आली तर लावू, पण अक्षर मोठं ठेवायला सांगा, मंडपात दिवा एकच आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग